वहीतला हुरडा

लातूरच्या बसस्टँडसमोर संघपालचा भज्यांचा गाडा होता. भर वैशाखात नांदेडची बस हुकली म्हणून पंचशीला त्याच्या ताडपत्रीखाली सावलीला उभी राहिली, आणि पठ्ठ्याच्या हातून मिरची भज्यांचा अख्खा घाणा करपला!

नांदेडला ती पीएचडी करत होती. हळद, लसूण, जवस, अंबाडी... रोजच्या खाण्यातल्या अशा जिनसांमधलं काही कॅन्सर टाळायला मदत करतं का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी चाळीस माणसांनी महिनाभर जेवणाची वही लिहायची होती. एकोणचाळीस मिळाली होती.

"पालेभाज्या खाता का हो तुम्ही?"

"लई!" संघपाल म्हणाला. भज्यांतल्या मिरची-कोथिंबिरीपलीकडं त्याच्या पोटात हिरवं काही जात नव्हतं. पण ते डोळे बघून 'न्हाई' म्हणायची टाप कुणाची?

झालं! चाळिसावी वही त्याच्या हाती आली. पंचशीला दर गुरुवारी यायची, वही वाचायची, गालात हसायची. गडी पेटलाच. पहिल्याच हप्त्यात सोमवारी शेपू, मंगळवारी जवसाची चटणी, बुधवारी कोवळा हुरडा... आणि खरं म्हणाल तर तिन्ही दिवस भजी-पाव.

चौथ्या गुरुवारी ती म्हणाली, "पुढच्या हप्त्यात रक्त तपासायचं. वहीतलं खाणं रक्तात दिसतंय का ते बघू."

संघपाल घाईघाईनं कढईत झारा फिरवू लागला. "एवढी मरमर कशाला करता, मॅडम?"

तिनं वही मिटली. "माझी मावशी गेली कॅन्सरनं. भाजी खाल्ली असती तर वाचली असती, असं न्हाई म्हणत मी. ते अजून कुणालाच पक्कं ठाऊक न्हाई. म्हणून तर खरं-खरं लिहिलेलं पायजे..."

आता मात्र त्याला स्वतःचीच लाज वाटली. खरं सांगावं तर ही परत यायची नाही. न सांगावं तर हिच्या कष्टाची माती. त्यानं झारा खाली ठेवला.

"मॅडम... वही सगळी खोटी हाय. तुम्ही दर गुरुवारी यावं म्हणून लिहिली. माझं नाव काढून टाका."

पंचशीला हसत सुटली ती थांबेचना. "अहो, वैशाखात हुरडा कुठून आणला? ज्वारी कधीच घरात आली लोकांच्या! पहिल्याच हप्त्यात काढलं तुमचं नाव. उदगीरचे एक मास्तर घेतले तुमच्या जागी. रक्ताचं मुद्दाम बोलले... म्हटलं, खरं कधी बोलता ते तरी बघू."

संघपालचं तोंड एवढंसं झालं. मग एकदम त्याची ट्यूब पेटली.

"म्हणजे तीन हप्ते... तुम्ही वहीसाठी येतच नव्हता?"

तिनं उगाच ओढणी सावरली. "नांदेडची गाडी... इथूनच लागती ना."

"गाडी समोर लागती, मॅडम. स्टँडात."

"बरं मग! आवडता तुम्ही मला. झालं समाधान?" ती लालेलाल होऊन म्हणाली. "पण उद्यापासून रोज अंबाडी खायची. आणि वही मीच तपासणार."

"जलमभर लिहितो!"

समोरून नांदेडची बस निघाली. पंचशीलानं एकवार तिच्याकडं बघितलं आणि आणखी एक प्लेट भजी मागितली.