बाबांच्या खोलीचा व्हॉल्व्ह

ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर मी हसून पुढे गेले असते. पण ती माझ्याच माहेरी, माझ्या डोळ्यांदेखत घडली. विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. वाद घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

मागच्या जानेवारीतला शनिवार होता तो. गांगवॉन प्रांताच्या डोंगरात सोलगोल नावाचं आमचं गाव. गाव कसलं, मोजकी घरं, त्यातल्या निम्म्यांना कुलपं. तिथे माझी आई एकटी राहते. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी खाली वॉनजू शहरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. आठवडाभर मोठमोठी पातेली उचलायची, शुक्रवारी औषधं आणि आंबवलेल्या कोबीच्या किमचीचे डबे घेऊन घाट चढायचा, रविवारी उतरायचा. तीन हिवाळे हेच चाललं होतं.

बॉयलरचं तेल कमी जळावं म्हणून मी बैठकीत लाकडाची शेगडी बसवून घेतली. आणि नवंच दुखणं मागे लागलं. आमच्याकडे बॉयलरचं गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरतं आणि खोल्या तापवतं. बॉयलर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बैठकीच्या भिंतीवर. शेगडी पेटली की त्याला वाटायचं, घर तापलं. झालं, बॉयलर गप्प! बैठकीत घाम फुटायचा आणि मागे आईच्या खोलीत, जमिनीखालच्या नळ्यांतलं पाणी गार पडायचं.

एका सकाळी शेजारणीचा फोन आला, "तुझ्या आईचे ओठ निळे पडलेत. लवकर ये."

त्या वेळी आई वाचली. पुन्हा वाचेल याची खात्री नव्हती.

म्हणून त्या शनिवारी दुपारी मी बॉयलर दुरुस्त करणाऱ्या प्यो मिस्त्रींना बोलावलं.

"ताई, बॉयलर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "शेगडी त्याला फसवतेय. शेकोटीला चिकटून बसलेल्या माणसाला विचारताय, बाहेर थंडी आहे का. तो काय सांगणार?"

त्यांनी भिंतीवरची दोन बटणं दाबली. आता बॉयलर खोलीतल्या हवेकडे न बघता नळ्यांतल्या पाण्याकडे बघणार होता. मग ते ओट्याखाली शिरले. तिथे एका रांगेत व्हॉल्व्ह होते, प्रत्येक खोलीचा वेगळा.

"बैठकीचा बंद. तिथे शेगडी आहे. स्वयंपाकघराचा अर्धा. म्हाताऱ्या बॉयलरला एकच काम द्या, आजींची खोली. ही कोपऱ्यातली कुणाची?"

"बाबांची. रिकामीच असते."

"मग हाही आवळा. अगदी पूर्ण नको, पाणी गोठेल."

"तो नको." मागून आईचा आवाज आला.

"आजी, रिकामी खोली तापवून तिथे मिरच्या वाळवायच्यात का?"

आई हसली नाही.

"ते खोकतात," ती म्हणाली.

"आई, बाबा गेलेत!" मी खेकसले. आणि तो व्हॉल्व्ह मीच फिरवला.

निघताना प्यो मिस्त्रींनी मला आईच्या खोलीच्या दोन नळ्यांवर हात ठेवायला लावला. "खोलीकडे जाणारी चटका देते. परत येणारी कोमट लागते. म्हणजे मधली ऊब जमिनीने घेतली. असं असलं की निश्चिंत राहा."

ते गेले आणि बर्फ सुरू झाला. घाट बंद. मी आईकडेच अडकले.

संध्याकाळी जेवताना आईने एक वाटी भात वाढून त्यावर झाकण ठेवलं. बाहेर गेलेल्या माणसाचा भात तापलेल्या जमिनीवर गोधडीखाली गरम ठेवायची आमच्याकडची रीत. बाबा गेल्यावरही आईने ती सोडली नव्हती. रोज ती वाटी कोपऱ्यातल्या खोलीत जायची.

त्या दिवशी ती वाटी घेऊन स्वतःच्या खोलीत गेली.

"आज इकडे गं?"

"तिकडची जमीन गार पडली ना."

मी उठून भांडी घासायला लागले. आई येऊन शेगडीपाशी बसली.

तेवढ्यात मागे दार सरकलं...

कोपऱ्यातल्या खोलीचं.

मी वळून पाहिलं. आई शेगडीपाशीच होती. ती विस्तवाकडे बघत होती. दाराकडे मान वळवायचीही तिला गरज वाटली नाही.

वारा असेल, असं म्हणून मी आईचं अंथरूण घालायला गेले. तिच्या खोलीत पलीकडच्या भिंतीपाशी जमीन सगळ्यात जास्त तापते. घरातल्या मोठ्या माणसाची जागा तीच. मी गादी तिथे टाकली.

आई आली, गादी ओढत दाराशी घेऊन गेली.

"अगं, इथे फटीतून वारा येतो!"

"ती जागा त्यांची आहे. मी जन्मभर दाराशीच झोपलेय."

मला राग आला. ती जागा किती ऊबदार आहे ते तिला दाखवावं म्हणून मी भिंतीपाशी वाकले, जमिनीवर तळवा टेकवला...

गार.

नुसती गार नाही. विहिरीच्या दगडासारखी. हात सरकवला तर बाजूची जमीन ऊबदार. पुन्हा मध्ये नेला तर गार. मी चाचपत गेले. तो गार पट्टा लांब होता, एका टोकाला अरुंद...

एका माणसाएवढा.

आणि माझ्या हाताच्या अगदी शेजारी कुणीतरी खोकलं.

कोरडा खोकला. शेवटी दोन उचक्या. तो खोकला मी लहानपणापासून ऐकलाय.

मी कशी उठले, मला आठवत नाही. ओट्याखाली शिरून नळ्यांना हात लावला. जाणारी नळी चटका देत होती. परत येणारी बर्फ! बॉयलर जीव तोडून घरघरत होता आणि सगळी ऊब त्या खोलीत कुणीतरी पिऊन टाकत होतं.

मी प्यो मिस्त्रींना फोन लावला.

"हवा अडकली असेल. खालचं बूच सैल करा, फुसफुस निघेल."

मी सैल केलं. हवा निघाली नाही. नुसतं पाणी आलं, बोटं बधिर करणारं.

परत गेले तेव्हा आई दाराशी मुटकुळं करून पडली होती. गार पट्टा आता तिच्या गादीपर्यंत पोचला होता. तिचे ओठ पुन्हा निळसर दिसत होते.

"त्यांना थंडी वाजतेय गं," ती पुटपुटली. "तू त्यांची खोली बंद केलीस. ते जातील कुठे?"

मी धावत जाऊन बाबांच्या खोलीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. आईच्या खोलीतून परत येणारी नळी धरून तिथेच बसून राहिले.

बराच वेळ काही नाही...

मग आईच्या खोलीतून पावलं निघाली. जाड मोजे घातलेली, घासत चालणारी. माझ्या पाठीमागून गेली. मी वळले नाही. माझी हिंमतच झाली नाही.

कोपऱ्यातलं दार सरकून बंद झालं.

हळूहळू हातातली नळी कोमट झाली.

सकाळी आईच्या ओठांवर रंग होता, पण बोटं गारच होती. म्हाताऱ्या बॉयलरला दोन खोल्या झेपत नव्हत्या.

"आई, पाया पडते. चल वॉनजूला."

"आणि ते?"

मी रडायला लागले. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तेल वाचवायची युक्ती सांगावी तशी म्हणाली, "माझ्या खोलीचा बंद कर. मी त्यांच्याकडे झोपते. एका खोलीत दोघांचं भागेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. तिला उचलून गाडीत घालायला हवं होतं. पण सोमवारी पातेली वाट बघत होती, घाट उघडताच उतरायचा होता, आणि मी थकले होते. भीतीपेक्षाही जास्त थकले होते. मी ओट्याखाली वाकले आणि आईच्या खोलीचा व्हॉल्व्ह आवळला.

त्यानंतर आईचे ओठ कधी निळे पडले नाहीत. डॉक्टर म्हणतात, तब्येत छान आहे. मी रोज संध्याकाळी फोन करते, "ऊब आहे ना?"

"आहे की. आम्हाला काही कमी नाही."

पूर्वी फोन ठेवण्याआधी ती हटकून विचारायची, "शुक्रवारी येशील ना?" आता विचारत नाही.

मागच्या शुक्रवारी मी न सांगताच गेले. कोपऱ्यातल्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. मी टकटक केली.

"हळू गं," आतून आई म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. तू जा. आमचं चाललंय."

मी डबे ओट्यावर ठेवले आणि गाडीत येऊन बसले. घाट उतरताना मला खूप हलकं वाटत होतं. ते हलकं वाटणंच अजून मला झोपू देत नाही.