बाहेरची कडी

मिस्त्रीला मास्तरांनी बोलावलं ते एका साध्या कामासाठी. मागच्या खोलीच्या दाराला कडी लावायची होती. दुपारची वेळ होती, पाऊण तासाचं काम.

"आतून लावू ना?" मिस्त्रीनं सवयीनं विचारलं.

"बाहेरून," मास्तर म्हणाले. "आत माझी धाकटी बहीण आहे. डोकं फिरलंय तिचं. भाऊ मारतो म्हणून गल्लीभर सांगत सुटली होती."

"आणि तुम्ही..."

"मारल्याशिवाय गप्पच बसत नाही, तर करणार काय माणूस?"

मिस्त्रीला ते पटलं. मास्तरांचं बोलणंच तसं होतं, फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावं तसं. त्यानं भोक पाडायचं गिरमिट काढलं आणि दाराला टेकवलं. तेवढ्यात पलीकडून, अगदी त्याच्या कानाशी, आवाज आला. आरडाओरड नव्हती. शांत, थकलेला आवाज होता.

"मिस्त्री, मी बरी आहे हो. नका लावू कडी."

मिस्त्रीचा हात थांबला. मास्तर हसले.

"बरी माणसं असं सांगत फिरतात का? तुम्ही सांगता कधी कुणाला, मी बरा आहे म्हणून?"

मिस्त्रीलाही हसू आलं. त्यानं चार स्क्रू घट्ट पिळले. निघताना त्याला स्वयंपाकघरात दोनच उष्टी ताटं दिसली, तिसरं कोरडं, पालथं घातलेलं. मास्तरांच्या बायकोनं, वहिनींनी, त्याची नजर ओळखली. "ती जेवतच नाही, मग वाढायचं कशाला? जेवणारी असती तर वाढलं नसतं का मी?"

वाटेत मिस्त्रीला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण त्यानं स्वतःची समजूत काढली. कडी बाहेरून लावावी लागली म्हणजे आत काहीतरी बिघडलेलं असणारच. नाहीतर एवढी शिकलेली माणसं कशाला लावतील?

दोन महिन्यांनी पुन्हा निरोप आला. धाकटी गेली होती. संध्याकाळी नातेवाईक भेटायला येणार होते, त्याआधी कडी काढायची होती.

"आजारीच होती," वहिनी म्हणाल्या. "आजारी नसती तर गेली असती का?"

मिस्त्रीनं कडी काढून पिशवीत टाकली. मग मास्तरांनी दाराची आतली बाजू दाखवली. कंबरेच्या उंचीपासून खाली उंबऱ्यापर्यंत नखांचे ओरखडे होते. काही ठिकाणी लाकडात काळपट काहीतरी सुकलेलं.

"एवढं तासून टाका. लोक उगाच काहीतरी अर्थ काढतात."

मिस्त्रीनं आत जाऊन दार लोटलं आणि रंधा चालवायला सुरुवात केली. सालपटं पायाशी पडू लागली. लाकूड जुनं, खडखडीत वाळलेलं, तरी त्याला ओल्या कपड्यांसारखा कुबट वास येत होता. एक ओरखडा गेला की त्याखाली तोच पुन्हा दिसे, जरा जास्त खोल. त्यानं आणखी तासलं. ओरखडा आणखी खोल गेला.

मग घरात कुठेतरी कडी सरकली. खट्.

पुन्हा, दुसरीकडे. खट्... मग तिसरी.

"मास्तर?"

मिस्त्रीनं दार ओढलं. ते सहज उघडलं. खोलीबाहेरच्या बोळात उजेड होता, पण माणूस नव्हतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली, तिन्ही दारं बंद. प्रत्येकाला बाहेरून नवी कोरी कडी. खाली ताजा भुसा पडलेला. स्क्रू ज्या पद्धतीनं पिळले होते ती पद्धत त्याची स्वतःची होती... आणि त्यानं बसवलेली एकुलती एक कडी त्याच्या पिशवीत होती.

"मिस्त्री..." स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, दबका. "कडी काढा हो. कुणी लावली?"

"मिस्त्री, मी सांगतो ते ऐका," झोपायच्या खोलीतून मास्तर म्हणाले. फळ्यापुढचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आम्ही काहीही केलेलं नाही..."

मिस्त्रीनं कडीला हात लावला. ती कोमट होती, आत्ताच कुणीतरी धरून सोडल्यासारखी. हात मागे घेता घेता त्याच्या मनात एक विचार आला आणि त्या विचारानं त्याला एकदम हलकं वाटलं. काही केलं नसतं तर यांना कुणी कोंडलं असतं का?

त्यानं पिशवी उचलली. मागे हाका वाढल्या, मग दारं धडधडू लागली. त्यानं पुढचं दार हळूच ओढून घेतलं.

आठवडाभर त्यानं कुणाकडे चकार शब्द काढला नाही. मग गल्लीतल्या शिंप्याकडून कळलं, त्या संध्याकाळी नातेवाईक आले तेव्हा घर सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. एकाही दाराला कडी नव्हती. नवरा-बायको कुठे परगावी गेली असतील, असं म्हणून लोक परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री मुद्दाम त्या गल्लीतून गेला. मास्तरांच्या घराच्या वरच्या खिडकीत एक बाई चादर झटकत होती. असेल कुणी नातेवाईक, असं तो स्वतःशी म्हणाला. धाकटीचा चेहरा त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

बाईनं त्याला ओळखल्यासारखी मान हलवली. चादर बाजूला ठेवली. मग दोन्ही हात समोर धरून, सुताराला काम सांगावं तसं, हवेत माप दाखवलं. आधी लांबी. मग रुंदी.

दाराच्या मानानं ती रुंदी फारच कमी होती, आडव्या माणसापुरती.