लटकं मरण

माझ्या निरंजनला ताटावरून उठायची खोड लागली होती. पुढ्यात गरम भाकरी, वाटीत खेकड्याचा रस्सा, आणि अंगणापलीकडच्या खोलीतून त्या पोरीनं नुसतं "निरंजन, येतोस का?" म्हटलं की गडी हात धुऊन मोकळा. बरं, उठला तो उठला, माझ्या भावानं माहेराहून, रिहे गावातून पाठवलेल्या खेकड्यांच्या जाड जाड नांग्याही वाटीत घालून तिच्या दारी! मिसरूड फुटल्यापासून ज्या नांग्या हा माझ्या ताटात वाढत आला, त्या आता परभणीच्या पोरीनं फोडायच्या. पोटात दुखलं माझ्या. का दुखू नये?

ती किमया. कंपन्या आल्या तशा आमच्या जांबे गावात ज्यानं त्यानं खोल्या बांधल्या, आम्हीही बांधल्या. एका भर पावसाच्या दुपारी ही रिक्षातून उतरली. मांडीवरच्या कॉम्प्युटरला स्वतःची ओढणी गुंडाळलेली आणि स्वतः नखशिखांत भिजलेली. फाटकात निरंजन उभा.

"खोली आहे का?"

"आहे... म्हणजे... तुम्ही आधी तो डबा द्या इकडं."

हिंजवडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा लेक कॉम्प्युटरला डबा म्हणाला, तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं.

पुढं कळलं की हिच्या कंपनीत बंदुकीच्या खेळाच्या स्पर्धा आहेत. कॉम्प्युटरवरचा खेळ. ओसाड गल्ल्या, दोघांच्या हातात बंदुका, ज्याला समोरचा आधी दिसला त्यानं गोळी घालायची. एकास एक. नाव दिलेल्यांत ही एकटी पोरगी, म्हणून पोरं फिदीफिदी हसत होती. हिला जिंकायचंच होतं. निरंजन म्हणाला, मी सराव देतो. त्यानं आपल्या खिडकीतून तिच्या खिडकीपर्यंत निळी वायर ओढली, माझ्या पेरूच्या झाडावरून! मीही बजावलं, ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत बसून खेळायचं. मधल्या ओट्यावर मी तांदूळ निवडत बसायची. डावीकडं लेक, उजवीकडं ती, दोन्ही खिडक्या माझ्या नजरेत.

"मेलास!"

"मेलो."

"परत मेलास! अरे, जरा लपायचं तरी."

"तुझ्यापासून लपून कुठं जाऊ?"

मग उजव्या खिडकीतून खळखळून हसू यायचं, आणि डाव्या खिडकीत माझा लेक हरल्याच्या आनंदात लाजायचा. मी ओरडायची, "मरायचंच आसंल तर जेवून मर की रं!"

त्यात वरच्या खोलीतला ऋषिकेश. तिच्याच कंपनीतला, काळा गॉगल, मोठी गाडी. किमया सकाळी त्याच्या गाडीवर मागं बसून जायची, आणि निरंजन फाटकात चहाचा कप धरून उभा. चहा गार व्हायचा, हा पेटायचा.

"आवाज लई हाय त्या गाडीला," म्हणायचा.

"तुज्या बी गाडीला हाय की."

"माज्या गाडीवर ती बसत न्हाई ना, आई!"

घ्या. मी त्या पोरीवर जळतेय, आणि हा ऋषिकेशवर.

स्पर्धेच्या दिवशी किमया एकटी, पायी परत आली. पहिल्याच डावात बाहेर. पोरांनी टाळ्या पिटल्या, "मॅडम, पुढच्या वर्षी कॅरम ठेवू तुमच्यासाठी." आणि कप कुणी आणला? ऋषिकेशनं.

"नशीब गं, दुसरं काय," निरंजन तिच्या खिडकीपाशी जाऊन हळूच म्हणाला.

रविवारी ऋषिकेश तो कप मिरवत अंगणात आला. "किमया, आता मी शिकवतो तुला. निरंजनकडे काय शिकणार तू?"

निरंजन झटकन बाहेर आला. "बस तिच्या मशीनवर. बघू तुझा कप."

किमया येऊन माझ्याजवळ ओट्यावर उभी राहिली, निरंजनच्या खिडकीकडं तोंड करून. आणि तिथं मी माझा लेक पहिल्यांदा खरा खेळताना बघितला. ऋषिकेश कोपऱ्यातून डोकं काढेस्तोवर आडवा. दुसऱ्या गल्लीतून आला, आडवा. "कुटं पळतोयस रं? ये की फुडं!" निरंजन गरजत होता. किमयाशी बोलताना तो पुण्याच्या मास्तरासारखा जपून बोलायचा, आता बांधावर उभा राहून हाक मारावी तसा आवाज फुटला. शेवटी ऋषिकेश उठला, "वायर खराब आहे" म्हणाला आणि कप काखेत मारून वर गेला.

किमयाचे डोळे भरले होते. मला वाटलं, ऋषिकेशसाठी. खरं सांगते, बरं वाटलं मला. तुटलं एकदाचं! पण ती तरातरा निरंजनच्या खिडकीशी गेली.

"असं... असं माझ्याशी कधी खेळलास?"

"तसं नाही, किमया—"

"मुद्दाम हरत होतास ना? रोज?"

निरंजन खाली बघायला लागला. "तू जिंकलीस की हसायचीस... वाटलं, हरवलं तर खेळायला येणार नाहीस."

"आणि तिथं सगळ्यांपुढं माझं हसं झालं, ते? त्या ऋषिकेशला एका सकाळीत सगळा खरा निरंजन मिळाला. मला काय मिळालं? लटकं मरण!"

तिनं वायर उपटली आणि माझ्या ओट्यावर टाकली. "काकू, महिना संपला की मी खोली सोडते."

त्या रात्री निरंजन ताटावरून उठला नाही. नांग्या मुकाट्यानं माझ्या ताटात वाढल्या आणि भाताकडं बघत बसला. मला हवं ते सगळं माझ्या ताटात होतं, आणि घास काही उतरेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरंजन त्या वायरचं टोक घेऊन तिच्या खिडकीशी उभा राहिला. पागोळ्या त्याच्या पाठीवर गळत होत्या, त्याला भान नव्हतं.

"एकदा खेळ. खरं."

"कशाला?"

"त्याला दिलं, ते तुला द्यायचं राहिलं म्हणून. आणि... तू त्याच्या गाडीवर बसतेस ते मला बघवत नाही म्हणून. लई जळतं मला."

"काय म्हणालास?"

"लई जळतं, म्हणालो."

किमयानं त्याच्याकडं बघितलं. "असं बोलत जा की माझ्याशी. मीसुद्धा जळले, निरंजन. काल त्या ऋषिकेशवर जळले. तुझा तो आवाज, तो राग... सगळं त्याला."

वायर लागली. आणि मग माझ्या लेकानं तिला जे लोळवलं! ती पडली, परत पडली. हसणं नाही, रडणं नाही, नुसतं "परत." "परत." दिवेलागण झाली तरी पोरगी खुर्चीवरून हलेना. पडता पडता तिच्या ध्यानात आलं असावं की हा दर वेळी पडक्या भिंतीमागूनच येतो. ती पुढं गेलीच नाही. श्वास धरून थांबली. निरंजन आला... आणि धाडकन पडला.

किमया खुर्चीवरून उठून खिडकीशी आली.

"हे... खरं होतं?" तिनं विचारलं.

"आईशप्पथ!"

"तुझ्या शपथेवर माझा भरवसा नाही. काकू, तुम्ही बघत होतात. तुम्हीच सांगा. खोटं असेल तर महिना संपायची वाट बघत नाही, उद्याच जाते."

दोन्ही खिडक्यांतून दोघं माझ्याकडं बघायला लागले. 'लटकं होतं', एवढं म्हणायचा अवकाश, लेक पुन्हा माझा एकटीचा. कुणाला कळणार होतं?

पण मी बघितलं होतं. खेळताना त्याच्या जिभेचं टोक दातांत धरलेलं होतं. भोवरा फिरवायचा तेव्हापासूनची सवय, जीव लावला की जीभ बाहेर. गोळी लागली तसा "आयला!" करून खुर्चीवरून उडाला होता. असं सोंग माझ्या पोटच्या पोराला जमत नाही. आणि ती पोरगी... सांजभर पडूनही उठतच राहिलेली. एवढी हट्टी बाई या घरात आजवर एकच आली होती, आणि ती मी.

मी मांडीवरचं सूप खाली ठेवलं, आणि वरच्या ऋषिकेशलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "निरंजन, खरंच मेलास तू! आन् ध्यानात ठेव, हिच्याशी पुन्यांदा लटकं हरलास, तर ह्या घरात हीच ऱ्हाईल, आन् तुला मी ती पल्याडची खोली भाड्यानं देईन!"