ब्रेकवरचा पाय

आण ना, नाही कोण म्हणतंय? उद्या सकाळी जा, तुझी ती जुनी गाडी ट्रकवर घालून आण, अंगणात उभी कर आणि पुढची दोन वर्षं काळ्या हातांनी जेवायला बस. नवी बॅटरीसुद्धा आणून ठेवलीयस दाराशी. त्या विकणाऱ्या माणसाने सांगितलं ना, बॅटरी कधीच काढून विकली, बाकी सगळं जागेवर आहे. ठीक. फक्त तो फोन जरा खाली ठेव आणि मामाचं ऐक. छोटे, तू पण बस, आणि दार लोटून घे. तुमच्या आईला यातलं काही कळायला नको.

मघाशी जेवताना डॅशबोर्डवरचं घड्याळ मोठं करून दाखवलंस ना, हिरव्या काट्यांचं? तिथेच माझा घास अडकला. ते घड्याळ त्या गाडीचं नव्हे. ते आमच्या घड्याळजीने बसवलंय.

घड्याळजी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. मोबाइल आले तशी दुकानात माशा मारायची वेळ आली, आणि या गृहस्थाने काय करावं? सत्तर वर्षांची गाडी विकत घेतली. एका बंद घराच्या शेडमध्ये सडत होती, रखवालदाराने काढून दिली. घड्याळजीने ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली आणि दोन वर्षं नुसता तिच्या पायाशी बसला. वहिनी तिला सवत म्हणायच्या. "जा, तुमची वाट बघतेय ती," म्हणून चहाचा कप हातात द्यायच्या.

सतरा नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी तो ब्रेक ऑइलचा डबा घेऊन माझ्याकडे जॅक मागायला आला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची लेक पहिल्यांदाच बाळाला घेऊन येणार होती, आणि नातवाला स्टेशनवरून याच गाडीतून घरी आणायचं त्याने मनात पक्कं केलं होतं. सगळं झालं होतं, ब्रेक तेवढे राहिले होते. "नातवाला बसवायचं म्हणजे ब्रेक चोख हवेत रे," म्हणाला. मीच दिला जॅक.

आता ब्रेकची हवा कशी काढतात ते समजून घे, तुला कामाला येईल. नळीत हवा राहिली तर पेडल पोकळ लागतं, गाडी थांबत नाही. ती काढायला माणसं दोन लागतात. एक गाडीखाली, एक सीटवर. खालचा म्हणतो, दाब. वरचा पेडल दाबतो आणि म्हणतो, धरलं. मग खालचा पान्याने नळीचं तोंड उघडतो, हवा आणि तेल बाहेर येतं, तो तोंड बंद करतो आणि म्हणतो, सोड. तो सोड म्हणेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत आणि सगळी मेहनत पाण्यात. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. नुसत्या आवाजावर काम चालतं.

तर घड्याळजी खाली आणि वहिनी सीटवर. तीन चाकं झाली. वहिनींची कुरकुर चालूच होती, पाय दुखला, डास चावले, या वयात मला ड्रायव्हर करताय. अकरा वाजून गेले. शेवटचं पुढचं चाक काढून ठेवलं, गाडी त्या बाजूने जॅकवर उचलली, आणि हा बल्ब घेऊन खाली सरकला. नटवर गंज होता. तो घासत बसला.

घासून झालं. म्हणाला, "दाब."

सीटची स्प्रिंग करकरली. "धरलं."

तेल आलं, मध्ये बुडबुडे. तोंड बंद केलं. "सोड." पेडल वर आलं.

"दाब."

"धरलं."

आवाज जरा बारीक वाटला त्याला. दमली असेल, म्हणाला. पण कुरकुर थांबली म्हणून बरंही वाटलं. थट्टेने म्हणतो कसा, "आज फारच शहाण्यासारखी धरतेयस गं."



"सोड," म्हणाला. पेडल वर आलं. तेल जवळजवळ स्वच्छ झालं होतं. आणखी एकदा केलं की काम फत्ते.

"दाब."

"धरलं."

त्याने पाना लावला. तेवढ्यात शेडच्या दारात चपला वाजल्या. गाडीखालून त्याला दिसल्या. निळ्या पट्ट्यांच्या. वहिनींच्या.

"अहो, लेकीचा फोन होता. ट्रेन वेळेवर आहे म्हणतेय."

याचा पाना नटवरच थांबला.

"बाळ झोपलंय म्हणाली... अहो, मी केव्हाची घरात होते. तुम्ही कोणाशी बोलताय?"

त्या चपला दारात. आणि इकडे याच्या डोक्यावर... पेडल दाबलेलंच. त्याला दिसत होतं ना. पेडलचा दांडा खाली गेलेला. ताठ. जरासुद्धा हलत नव्हता.



सीट करकरली. कोणीतरी वाकल्यासारखी...

"अहो..."

हा आवाज दारातून आला नव्हता.

"अहो... सोडू का?"

मला हे सांगताना तो माणूस लहान मुलासारखा रडला. म्हणाला, आवाज भेसूर नव्हता रे. नुसता दमलेला होता. आपलं माणूस खाली आहे आणि बोलत का नाही, अशा काळजीचा. म्हणून तर जास्त भीती वाटली.

वहिनींनीही ऐकला. ती बाई ओरडली नाही. धावत आली, त्याचे दोन्ही घोटे पकडले आणि ओढलं. पाठ सोलवटून निघाली त्याची. डोकं बाहेर आलं... आणि जॅक निसटला. गाडी धाडकन खाली बसली. जिथे त्याची छाती होती, तिथे.

धूळ उडाली. बल्ब फुटला. अंधार.

अंधारात फक्त मागचा एक दिवा. नंबर प्लेटच्या वरचा, मधला. ब्रेक दाबला तरच लागणारा. लाल.

आणि आतून...

"धरलंय हं मी."

दोघांनी शेडला कडी घातली आणि घरात येऊन बसले. रात्रभर दाराच्या फटीतून लाल उजेड येत होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, म्हणा ना तिला एकदा, सोड म्हणून. सुटेल बिचारी." याने तोंड उघडलं. तसंच मिटलं. मला म्हणाला, "कसं म्हणू? म्हटलं, तर तिचे 'अहो' मीच झालो की."

पहाटे दोघं रिक्षाने स्टेशनवर गेले. लेक आली, बाळ आलं. शेडकडे कोणाला फिरकू दिलं नाही.

दुपारी मी त्याच्याबरोबर त्या रखवालदाराकडे गेलो. आधी उडवाउडवी केली, मग बोलला. गाडीचा पहिला मालकही घरीच दुरुस्ती करायचा. तो खाली, बायको सीटवर. वर्षानुवर्षांची सवय. एका रात्री तो खाली असतानाच गाडी जॅकवरून घसरली, तो जागीच गेला. आवाजसुद्धा झाला नसेल फार. बाईला वाटलं, नट अडकला असेल. सकाळी दूधवाला आला तेव्हा ती सीटवरच होती. पाय पेडलवर. लोक म्हणाले, बाई, उतरा. तर म्हणे, "ह्यांनी अजून सोड म्हटलेलं नाही." चौघांनी धरून तिचा पाय उचलला. त्यानंतर फार दिवस जगली नाही.

घड्याळजीने मिळेल त्या किमतीला गाडी भंगारवाल्याला दिली. न्यायला आले तेव्हा मी तिथे होतो. चाकं फिरेनात. ब्रेक घट्ट धरलेला. फरफटत नेली त्यांनी, अंगणभर काळे पट्टे उमटले. मी आत डोकावलो होतो. सीटवर कोणी नव्हतं. पेडल पार खाली होतं.

काय म्हणालीस छोटे? कोणीतरी जाऊन 'सोड' म्हणायला हवं? हो गं. मलाही तसंच वाटतं. रात्री झोप लागली नाही की तेच वाटतं. पण दारातून म्हणून चालायचं नाही. ते गाडीखाली आडवं होऊन म्हणावं लागतं... कोण जातंय? तू? का हा?

बघा. झालात ना गप्प. मीपण असाच गप्प बसतो.

बरं, आता घे तो फोन. घड्याळाचा फोटो नको, पुढचा काढ. गाडी मागून दिसते तो. मोठा कर. आणखी. आत कोणी बसलंय का? नाही ना... बॅटरी कुठे आहे? कधीच विकली म्हणालास तू...

मग नंबर प्लेटच्या वर बघ.

मधला दिवा बघ.