शुक्रवारचे दहा चेंडू

कॅफेत नऊ संगणक होते. त्यांतले सात चालू, एक बंद आणि एक आपल्या मर्जीने चालणारा. हेडफोन आठ, त्यांतल्या तीन हेडफोनांचा डावा कान मुका. पंखे दोन. खुर्च्या दहा, पैकी एकीवर मांजर. माणसं तेवीस. महरीनने दारात उभ्या उभ्या एवढं मोजलं, कारण बसायला जागा कुठे आहे हे दुसऱ्या कुठल्याही रीतीने कळण्यासारखं नव्हतं.

सन २००६, नोव्हेंबरातला शुक्रवार. मिरकरवाड्याच्या बोटी शुक्रवारी समुद्रात जात नाहीत. बोटी नाहीत म्हणजे कोळंबी नाही, कोळंबी नाही म्हणजे तपासायला नमुने नाहीत, आणि नमुने नाहीत म्हणून ती काम करायची त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेला सुट्टी. आखातातही सुट्टी शुक्रवारचीच. त्यामुळे जुम्म्याची नमाज झाली की अर्धा मोहल्ला या कॅफेत यायचा आणि नेटवरून कुवेत, दोहा, मस्कतशी बोलत बसायचा.

सहा नंबरची खुर्ची रिकामी झाली. पडद्यावर नेटवर खेळायच्या गोल्फचं हिरवं मैदान, एक पांढरा चेंडू आणि इकडून तिकडे धावणारी सुई. महरीनने ते बंद करायला म्हणून माऊस दाबला. चेंडू उडाला... आणि डुबुक!

"अहो, काय केलंत!" काउंटरमागून एक उंच तरुण गळ्यात वायरींचं भेंडोळं घेऊन धावत आला. "सतरावा होल होता माझा!"

"मी फक्त खिडकी बंद करत होते."

"खिडकी उघडीच आहे. चेंडू पाण्यात गेलाय."

"मग पाणी तिथे ठेवलंय कशाला?"

तो हसला. वैतागलेल्या माणसाला हसू आलं की तो जरा वेडा दिसतो, तसा. नाव फैझान. कॅफे थोरल्या भावाचा. भाऊ शारजात, म्हणून तूर्त याचा.

"हा चेंडू किती लांब जातो?" तिने विचारलं.

"बराच."

"बराच म्हणजे किती?"

"दोनशे तीस यार्ड."

"दर वेळी? सरळ?"

"दर वेळी मोजतंय कोण!"

पुढच्या शुक्रवारी ती दोनशे पानी वही घेऊन आली.

नोव्हेंबर सरला, डिसेंबर सरला. वही कॅफेच्या काउंटरवरच राहायची. सोमवार ते गुरुवार फैझान रिकाम्या वेळी खेळायचा आणि प्रत्येक फटक्यापुढे आकडा लिहायचा – चेंडू मधल्या रेषेपासून किती यार्ड भरकटला. शुक्रवारी महरीन येऊन सरासरी काढायची. प्रश्न एकच होता. लांब मारायची काठी, तिला ड्रायव्हर म्हणतात, ती बदलायची की नाही? नवा ड्रायव्हर अडीचशे यार्डांपर्यंत मारायचा, पण सुई मध्यावर असताना माऊस दाबला तरच चेंडू सरळ जायचा, आणि नव्याची सुई जास्त वेगाने पळायची. शिवाय एकदा बदलला की जुना परत मिळणार नव्हता. चाचणीसाठी खेळवाले दर शुक्रवारी सरावाच्या मैदानात नव्या ड्रायव्हरचे दहा चेंडू द्यायचे. फैझान ते मारायचा, ती लिहायची.

जुना भरकटायचा सरासरी सहा यार्ड. नवा, अठरा.

"नको," ती दर शुक्रवारी सांगायची. "अजून नाही."

हळूहळू समासातही काही उमटायला लागलं. 'एकतिसावा चेंडू सरळ. कुणीतरी बघायला हवं होतं.' तिने खाली लिहिलं, 'शेरे नकोत, आकडे लिहा.' पुढच्या आठवड्यात त्याचा आकडा आला: 'आज दाराकडे पाहिलं – चौदा वेळा.'

महरीनने ते पान तीनदा वाचलं, आणि तिचे कान गरम झाले... पण त्याच दुपारी दोन तास ती तिथे होती आणि या माणसाने तिच्याकडे एकदा म्हणजे एकदाही पाहिलं नव्हतं. आकडे सांगतानासुद्धा पंख्याकडे बघून सांगितले. आठ शुक्रवार, नजरा शून्य. मग समासावर विश्वास ठेवायचा कसा?

जानेवारीत वाऱ्याला आंब्याच्या मोहोराचा वास यायला लागला. त्या शुक्रवारी फैझानने वही तिच्यापुढे सरकवली आणि तशीच धरून ठेवली.

"मामूने दोह्याला काम बघितलंय. रविवारी दुपारी बारापर्यंत उत्तर हवंय त्यांना."

"आणि इथे?"

"इथे बोटींवर मासे शोधायची यंत्रं बसवायचं काम निघतंय. दोन बोटवाले सांगून गेलेत. पण दोनच..." तो पंख्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही सांगा. जाऊ?"

महरीनचे अब्बा वीस वर्षं मस्कतला होते. तिला ते आठवायचे ते आवाज म्हणूनच, आधी कॅसेटमधला, मग फोनमधला. जा म्हटलं तर आणखी एक आवाज. थांब म्हटलं, आणि उद्या त्या दोन बोटीही फिरल्या, तर?

"माझ्याकडे पुरेशी माहिती नाही," ती म्हणाली.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि वायर गुंडाळत निघून गेला.

शेजारी हफीजाखाला हेडफोन उलटा घालून कुवेतमधल्या लेकावर ओरडत होत्या. "झैन! अरे जेवलास काय? जेवलास काय विचारतंय!" मग वैतागून महरीनकडे वळल्या. "शुक्रवारी या पेटीत आवाज अडकतो गो. सोमवारी आले होते तर इतका साफ, पोर जसा बाजूला बसलाय!"

महरीनचं पेन थांबलं.

शुक्रवारी सगळा मोहल्ला एकाच लाइनवर. आवाज अडकतो. मग सुई...?

"फैझान!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मांजर खुर्चीवरून उतरलं. "जुन्या ड्रायव्हरने दहा मारा. आत्ता."

"आत्ता? चार जणी खोळंबल्यात."

"आत्ता!"

त्याने मारले. सतरा, एकवीस, वीस, अठरा... दहांची सरासरी एकोणीस.

"दोष नव्या ड्रायव्हरचा नाही," ती पुटपुटली. "लाइन तुंबली की सुई दिसते एकीकडे आणि असते भलतीकडे. जुना मोजला सोमवार ते गुरुवार, नवा मोजला फक्त शुक्रवारी. शुक्रवारी जुना मारून बघायचं मला सुचलंच नाही! पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा अशी तुलना करत नाहीत..."

फैझान संगणकामागची वायर नीट करायला वाकला. त्याचा चेहरा दिसेना, फक्त आवाज आला, अगदी हळू.

"आणखी काय काय फक्त शुक्रवारी मोजलंत?"

तिने वही मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

"तुम्ही माझ्याकडे बघत नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

"शुक्रवारी इथे तुमची फुफू असते. फुफूची नणंद असते. सगळ्या जणी कान दोह्याला आणि डोळे इथे ठेवून बसलेल्या असतात. बघू कसा?"

"मग बघता कधी?"

"रविवारी या. स्पर्धा आहे, अकरा वाजता."

रविवारी ती पावणेअकराला पोचली. संगणक नऊ, खुर्च्या दहा, मांजर एक. माणूस एक. तो दाराकडेच बघत होता आणि ती आत आली तरी त्याने नजर हलवली नाही. महरीनला ओढणी दोनदा सावरावी लागली. तिसऱ्यांदा सावरली ती उगाच.

खेळ सुरू झाला. स्पर्धा जोड्यांची, म्हणून लांबचे फटके त्याचे, भोकाजवळचे तिचे. त्याच्या माऊसवरच्या हाताशेजारी तिचा हात, मध्ये चार बोटं अंतर. अकराव्या होलला तीन बोटं.

सतरा होल संपले तेव्हा ते एका फटक्याने मागे होते. अठरावा होल तळ्यापलीकडे. तळ्याची पलीकडची कड दोनशे छत्तीस यार्डांवर. जुना ड्रायव्हर मारतो दोनशे तीस. शेवटच्या होलआधी खेळातलं दुकान उघडलं आणि पडद्यावर प्रश्न आला: ड्रायव्हर बदलायचा? हो, नाही.

"सावकाश खेळून दुसरा नंबर घेता येईल," फैझान म्हणाला. "तळ्याला वळसा घालून. नव्या ड्रायव्हरचा एकसुद्धा चेंडू आपण मोकळ्या लाइनवर मारलेला नाही. आणि बदलला की जुना गेला."

"माहीत आहे."

"मग? सांगा... माहिती पुरेशी आहे?"

"नाही," महरीन म्हणाली. "कधीच नसते. बदल."

तो वळला. "काय म्हणालीस?"

"बदल म्हणाले."

त्याने 'हो' दाबलं. नवी सुई पडद्यावर आली, कोपऱ्यात चाळीस सेकंदांचं घड्याळ उलटं धावू लागलं, आणि काउंटरवरचा फोन वाजला. भिंतीवर बाराला आठ कमी.

"मामू..." फैझानचा हात माऊसवरच होता. "वाजू दे?"

फोन वाजतच राहिला. तेहेतीस. बत्तीस.

"उचल," ती म्हणाली. "आणि नाही म्हणून सांग."

"महरीन, नीट विचार करून..."

"दोन बोटी सांगून गेल्यात ना? तिसरी शोधू. चौथी शोधू. मला कानात आवाज नकोय, फैझान. मला तू हवायस. रविवारी. सोमवारीसुद्धा." तिचा आवाज कापला. "शुक्रवारी नाही बघितलंस तरी चालेल."

तो उठला. जाता जाता त्याने तिचा हात उचलून माऊसवर ठेवला आणि क्षणभर तसाच धरला.

"पण मी लांबचा फटका कधी मारलेला नाही!"

"सतरावा मारलेलास की!"

एकवीस. वीस. पाठीमागे त्याचा आवाज आला. "सलाम, मामू... हो, ठरलं. ऐका ना..." तिने मागे पाहिलं नाही. अकरा. दहा. पहिलं बटण. सुई उजवीकडे पळाली, पूर्ण जोराच्या टोकाला पोचली. दुसरं. सुई परत फिरली, मध्यावर आली. तिसरं.

चेंडू उडाला.

"...नाही, मामू. मी इथेच राहतोय," फैझान म्हणत होता.

चेंडू तळ्यापलीकडे, दोनशे एक्केचाळीस यार्डांवर पडला, मधल्या रेषेच्या डावीकडे दोन यार्ड.