लागली की लावली

लेखकाच्या आत्मचरित्राची प्रुफं आली तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. फुप्फुसं कामातून गेली होती, पण लाल पेन धरण्यापुरती धुगधुगी बोटांत होती. लेक उशाशी बसून पानं धरायची.

एकशे बाराव्या पानावर चूक निघाली. त्याने लिहिलं होतं, ‘छापखान्याला आग लागली.’ छापलं होतं, ‘आग लावली.’ एका अक्षराचा काय तो फरक. ‘व’ खोडून त्याने समासात ‘ग’ लिहिला.

चाळीस वर्षांपूर्वीच्या दंगलीतला तो छापखाना. विरोधकांची पत्रकं तिथे निघायची. जग बदलायला निघालेल्या याच्या टोळक्यातले पुढे दोघे मंत्री झाले, एकाने सिमेंटची एजन्सी घेतली, याच्या वाट्याला पुरस्कार आले. जग होतं तिथेच राहिलं. जळून मेला तो शिशाचे खिळे जुळवणारा कारागीर. त्या बिचाऱ्याला ना झेंडा ना घोषणा. त्याची दोन वर्षांची पोर याने वाढवली. हीच ती लेक. आपल्या बापाला वाचवायला बाबा आगीत धावले होते, असं तिला सांगितलेलं. तेवढं खोटं शाबूत ठेवून त्याला डोळे मिटायचे होते.

दुसरं प्रूफ आलं. ‘आम्ही आग लावली.’

त्याने ते असं खोडलं की कागद फाटला. लेकीने फोन करून विचारलं, तर सगळ्या दुरुस्त्या तंतोतंत केल्यात, असं छापखान्यातून सांगितलं.

तिसऱ्या प्रुफात ओळी वाढल्या होत्या. ‘आतून तो दार बडवत होता. पोरीला हाका मारत होता. दाराखालून वितळलेलं शिसं बाहेर आलं, मग मांस जळल्याचा वास. बाहेरून कडी मी लावली.’

कागदाला रॉकेलचा वास येत होता. पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर खिळ्यांचे उंचवटे लागत होते. खिळ्यांची छपाई जाऊन तर जमाना झाला होता.

"वाचलंस?" त्याने विचारलं.

"पहिल्या प्रुफापासून वाचतेय."

या वेळी ‘बाबा’ म्हणाली नाही.

तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. समासात लिहिलं, ‘दुरुस्ती नाही. छापा.’ तिच्या बोटांची टोकं शिशाने काळी झाली होती. मग पानं घेऊन ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

रॉकेलचा वास मात्र खोलीतच राहिला.

बाहेर कडी वाजली. लागली की लावली, त्याला कळेना.

त्या दाराला बाहेरून कडी नव्हतीच.