नाय म्हणलेला भाऊ

छावणीच्या मागच्या गल्लीत एक घर होतं. घरात आप्पासाहेब होते, भागूबाई होती, थोरली लेक मोनिका होती आणि तिच्या पाठचा शिवम होता. शिवम होता, हे आधीच सांगून ठेवते. पुढं त्याचंच भय हाय.

मी आप्पासाहेबांची चुलती, म्हंजे भागूबाईची चुलतसासू. मोनिकाला बघायला पाचोडची माणसं येणार म्हणून गंगापूरहून जीपनं आले होते, पोह्यांना हात लावायला. उन्हाळ्याची दुपार. गल्लीत कुत्रं बी हिंडत नव्हतं.

शिवमचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, तवा कळलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आता मशीनवर रक्त धुवायचं, आणि घरातल्या कुणाची जुळली तर किडनी बसवायची. पोरगं विशीतलं. घरानं रडून घेतलं आणि मग आवाज खाली केला. सोयरीक यायची होती ना. भावाला असला आजार म्हणलं की लोक पोरीच्या रक्ताकडं बघणार. वर, उद्या आमच्याच सुनेची किडनी मागतील, हे बी त्यांच्या डोक्यात येणार.

ठरलं असं, की शिवम पुण्याला नोकरीला हाय म्हणून सांगायचं. त्याला मागच्या खोलीत बसवलं. चुकून बाहेर येईल म्हणून भागूबाईनं बाहेरून कडी लावली. लावताना तिनं त्याच्याकडं बघितलं नाय.

पाहुणे आले. नवरा मुलगा राजकुमार गुमान बसला. त्याची आई सरूबाई बोलकी.

“पोहे लई तिखट झालेत बया. पोरगी बी अशीच हाय का?”

सगळे हसले. मग तिनं सहज इचारलं, “भाऊ किती गं तुला?”

आप्पासाहेबांच्या ओठांवर पुणं आलंच होतं. त्याच्या आधी मोनिका बोलली.

“मला भाऊ नाय.”

आम्ही थोरली माणसं. आप्पासाहेबांनी पाहुण्यांपुढं चहा सारला. मी ताटलीतल्या पोह्यांकडं बघत बसले. मागच्या खोलीत कुणी खोकत होतं, ते एकदम थांबलं.

पाहुणे गेल्यावर मी कडी काढली. शिवम खाटेवर बसला होता.

“पसंत पडली का आमची ताई?”

मोनिकानं मान खाली घातली. तिथनं सुरू झालं.

रात्री भागूबाईनं ताटं मांडली. शिवम भिंतीला टेकून उभा. ती मला म्हणली, “बसा की आत्याबाई. आता कोण राहिलं?” म्हणली, आणि हातातली पळी खाली पडली.

दवाखान्यात तो पडलेला असताना नर्सबाई एका बाईला त्याच खाटेवर झोपवायला लागली. रिकामीच हाय म्हणली. आप्पासाहेब ओरडले तवा डोळे चोळत मागं सरली. उन्हात उभा राहिला तर त्याची सावली गढूळ पाण्यासारखी पडायची, मग तेवढी बी पडेना. वास मात्र होता. औषधाचा, गंजल्या लोखंडाचा. आधी माणूस यायचा आणि मागनं वास. मग नुसता वासच यायला लागला.

पाचोडहून होकार आला. घरात कुणी पेढा खाल्ला नाय.

एका दुपारी मी आणि मोनिका मागच्या खोलीत गेलो. पंखा बंद. खाट रिकामी. पण चादर मधोमध दबलेली… आणि हळूहळू वरखाली होत होती.

“ताई…”

“शिवम? कुठंयस रे?”

“इथंच की…”

“मला दिसत नायस…”

“व्हय… तूच म्हणलीस ना…”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मोनिकानं तोंडावर पदर दाबला, मग फोन काढला आणि सरूबाईला लावला. स्पीकरवर.

“आई, मी खोटं बोलले. मला भाऊ हाय. शिवम नाव त्याचं. त्याच्या किडन्या गेल्यात. माझी जुळली तर मी देणार. तुम्हाला चालत नसंल तर सोयरीक मोडा… पण मला भाऊ हाय.”

इकडं चादरीवर हात दिसाया लागला. सुजलेला, सुयांच्या डागांचा. मग खांदा. मग तोंड. घामानं डबडबलेलं पोर, उन्हातनं चालत आल्यासारखं.

तवा सरूबाई बोलली.

“ठावं हाय गं आम्हाला. त्या दिवशी जीपपर्यंत सोडायला तोच आला नव्हता का? म्हणला, मावशी, ताईला काय इचारू नका, तिला लाज वाटती. त्याचं ते सुजलेलं तोंड बघूनच आम्ही होकार दिला.”

कडी मी काढली होती. पाहुण्यांची जीप गेल्यावर, माझ्या ह्याच हातानं.

शिवम आमच्याकडं बघत राहिला. “मी कुठं गेलो होतो आजी? मी तर आतच होतो…”

पुढं सगळं चांगलं झालं. किडनी आईची जुळली आणि पोराला मानवली. सूज उतरली, भूक लागली, तो भाकरी मागून खाऊ लागला. मग मोनिकाचं लग्न झालं. घर सोन्यासारखं मिळालं. सासूनं त्या दुपारचा एक शब्द कधी काढला नाय, त्यामुळं पोरगी आणखीच खाली बघती.

लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. भटजींनी हाक दिली, “नवरीचे बंधू, पुढं या.” शिवम मास्क लावून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. मी त्याला उठायला हात दिला. तो उभा बी राहिला नव्हता, तवर तिकडं राजकुमार कळवळला.

“अरं, हळू की मेहुण्या!”

मांडव हसला. नवरदेवाचा कान लालभडक झालेला. हसली नाय ती एक मोनिका. नवऱ्याच्या पलीकडं, जिथं कुणीच नव्हतं तिथं, ती हात जोडून उभी होती. मान खाली. शिवम तिच्याजवळ जाऊन पोचला, तरी तिनं मान वर केली नाय.